मेटाडोरचा मागचा बाक

तुम्ही द्राक्षं खाता ना? मग सांगा, ते घड पेटीत निगुतीनं बसवणाऱ्या बाया रोज सकाळी शेडवर कशानं येतात, हे तुम्ही कधी विचारलंय?

नसणार विचारलं. द्राक्षाची जात विचारली असेल, भाव विचारून घासाघीस केली असेल. बायांचं कोण विचारतंय, आणि त्यांना आणणाऱ्या ड्रायव्हरचं तर त्याहून नाही. ड्रायव्हर म्हणजे तुमच्या लेखी एक मान आणि दोन खांदे, पाठीमागून दिसणारे. त्या मानेला पुढून चेहराही असतो, तेवढं आता ऐकून घ्या.

ही मान राघूची. राघू पिंपरी पेंढारच्या वस्तीवरचा धनगर; वस्तीवर धनगरांची घरं दोन-चारच. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की वाडा हलायचा. वाडा म्हणजे धनगरांचा फिरता मुक्काम: मेंढरं, घोडी, कुत्री, लेकरं, सगळा संसार पाठीवर. घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत वर यायचं. राघूला ते चालणं नको होतं. आळेफाट्यावर एका टेम्पोवाल्याच्या हाताखाली तो गाडी शिकला आणि वाटणीच्या मेंढ्या विकून त्यानं लायसन काढलं. बाप काही बोलला नाही. बायको बोलली. सुंदरा तिचं नाव.

"लोखंड दूध दील का?" तिनं एवढंच विचारलं.

सुंदरानं माहेरून आंदण आलेल्या तिच्या मेंढ्या भावाच्या वाड्यात घातल्या आणि ती भावाबरोबर चालायला लागली. भांडण झालं नाही, काडीमोड झाला नाही. ती मेंढरांमागं गेली, हा गाडीमागं राहिला. पावसाळ्यात ती यायची, तेव्हा नेमका टमाट्याचा हंगाम असायचा आणि हा पहाटे निघून दिवेलागणीला यायचा. मग मेंढरं गावाजवळ असली तरी सुंदरा दोन दिवस राहून परत वाड्यावर जायला लागली. मग एकच दिवस. मग नुसता निरोप.

तर ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला नारायणगावच्या अलीकडं गोरखशेठनं पॅकिंगचं शेड टाकलं. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक नावावरच भांडत बसतात आणि गोष्ट राहून जाते. गोरखशेठ चांगल्या जमीनदार शेतकऱ्याचा पोरगा. हिवाळ्या-उन्हाळ्यात द्राक्षं, पावसाळ्यात टमाटे. माल भरायला बाया लागायच्या, आणि बाया आणायला त्यानं एक जुनी मेटाडोर घेतली. ती आधी कुठल्याशा बँडवाल्याची होती. आतल्या पत्र्यावर 'ब्रास बँड' एवढी सोनेरी अक्षरं शिल्लक होती, पुढचं नाव खरवडलेलं. तिच्यावर राघू लागला.

पिंपरी पेंढारच्या वस्तीवरून निघायचं, गावच्या फाट्यावर थांबायचं, आत बोरी बुद्रुकला वळून तिथल्या बाया घ्यायच्या आणि शेडवर सोडायचं. संध्याकाळी उलटं. बाया बसल्या की गाडीत जो काही कालवा सुरू व्हायचा! कुणाच्या सासूचं, कुणाच्या म्हशीचं, टीव्हीतल्या मालिकेतल्या सुनेचं. राघूला सगळं ऐकू यायचं नाही. मेटाडोरचं इंजिन पुढं, ड्रायव्हरच्या मांडीशी. त्याच्या घरघरीतून जेवढं गळून येईल तेवढंच. पण तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा. घरी गेलं की चूल आपणच पेटवायची आणि आपणच विझवायची. भिंतीशी काय बोलणार?

तो मात्र बायांशी बोलायचा नाही. त्याला कारण होतं, आणि ते आरशात होतं.

पहिल्या वर्षीच त्यानं आरशात पाहिलं, बाया नाकाला पदर लावून बसल्यात. एक नाही, सगळ्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तेच. राघूला लहानपणीची ओतूरची शाळा आठवली. तो वर्गात शिरला की पोरं नाक धरायची. मेंढराचा वास येतो म्हणायची. तो वास सुटावा म्हणून तर मेंढ्या विकल्या होत्या. तर इथंही तेच.

त्यानं विचारलं नाही. मानी माणूस, विचारणार कसा? त्यानं बिडी सोडली. चंदनाचा साबण आणला. कपडे रोज धुवायला लागला, आणि पुढच्या काचेजवळ उदबत्ती लावायला लागला. तरी आरशात पदर नाकालाच. मग त्यानं आरशात बघणंच कमी केलं. मागं जाऊन दार लावून द्यायचं, कुणाचं ओझं उचलून आत ठेवायचं, याचा तर प्रश्नच नाही. बाया चढल्या, उतरल्या, तो स्टेअरिंग धरून समोर बघत राहिला. वर्षानुवर्षं.

दोन हजार चार-पाचचा हिवाळा असेल. संक्रांत नुकती झाली होती. गोरखशेठनं राघूला ऑफिसात बोलावलं. ऑफिसात वृषाली मॅडम होत्या. कंपनीचा सगळा कारभार त्याच बघायच्या, आणि बाई सरळ होती, हे आधी सांगून ठेवतो.

"बस राघूभाऊ," गोरखशेठ म्हणाला. "तुझ्या मेटाडोरचं काहीतरी ठरवायला पायजे. फाट्यावरचा मिस्त्री म्हणतो, इंजिनकाम करा, अजून लई वर्षं जाती. ह्या मॅडम म्हणत्यात, काढून टाका."

"मी म्हणते, शेठ, गाडी थकलीये," वृषाली मॅडम म्हणाल्या. "रोज काहीतरी निघतं. आज पंप, उद्या क्लच."

"तुमी लग्नात नवऱ्यालाही असंच बघितलं व्हतं का मॅडम? थकला की काढा?"

मॅडम हसल्या नाहीत. राघूकडं वळून म्हणाल्या, "राघूभाऊ, एक लपवत नाही. नवी आली तर ती कंपनी घेणार नाही. ठेकेदाराची लावायची. गाडी त्याची, डिझेल त्याचं, ड्रायव्हर त्याचा."

"म्हंजी मी न्हाई."

"म्हणजे तुम्ही नाही."

गोरखशेठनं टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "म्हणूनच तर तुलाच विचारतोय राव. तू चालवतोस. तू रिपेर म्हण, उद्या मिस्त्रीकडं लावतो. तू काढ म्हण, काढतो. सोमवारी सांग."

बघा किती सोपं. कुऱ्हाड माणसाच्या हातात द्यायची, पायही त्याचाच दाखवायचा आणि वर म्हणायचं, तुझ्या मनावर आहे. कंपन्या असाच मान देतात.

'रिपेर' हा शब्द राघूच्या जिभेवर आला होता. गाडी पळत होती, तेल खात नव्हती, चढ घेत होती. खोटं बोलावं लागणार नव्हतं. पण जिभेवर आलेला शब्द त्यानं गिळला, कारण त्याला बाप आठवला.

घाट उतरायच्या आधी वाड्यात एक काम असायचं. म्हाताऱ्या मेंढ्यांतल्या कुठल्या बरोबर न्यायच्या आणि कुठल्या बाजारात काढायच्या, ते ठरवायचं. त्यांच्यातली रीत अशी की ते मालकानं पुढं उभं राहून ठरवायचं नाही. दुसऱ्या वाड्यावरचा पाहुणा बोलवायचा, आपली काठी त्याच्या हातात द्यायची. पाहुणा पुढं चालायचा आणि मालक त्या दिवशी आपल्याच कळपाच्या शेवटी चालायचा. संध्याकाळी पाहुण्यानं एकच विचारायचं, "मागनं काय दिसलं?" आणि मालकानं खरं सांगायचं.

राघूच्या बापाची एक लाडकी मेंढी होती. सदा बापाच्या पायात. बाप म्हणायचा, हिला काय झालंय, ही तर घोडीच्या पुढं पळती. त्या वर्षी बाप मागं चालला, तेव्हा त्याला दिसलं की ती पुढं यायला पळत नव्हती. मागचा पाय ओढत, धापा टाकत, धन्याचा माग सुटू नये म्हणून मरत मरत येत होती. संध्याकाळी पाहुण्यानं विचारलं. बापानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि सांगितलं. त्या दिवशी बाप जेवला नव्हता.

राघू सरळ पारगावला गेला. तिथं गेणभाऊ राहायचा. जन्मभर उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, आता वडाच्या पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायचा.

"माझी गाडी एक दिस चालवा," राघू म्हणाला.

"का रं, हात मोडला?"

"मला मागं बसायचंय."

गेणभाऊनं कानावरची टोपी वर केली. "ड्रायव्हरला मागं बसायचंय. हे पहिल्यांदाच ऐकतोय. कोण बसती मागं?"

"चेष्टा नको गेणभाऊ. आमच्यात रीत हाय." आणि राघूनं सगळं सांगितलं, गोरखशेठचं आणि वाड्यावरच्या रितीचं.

गेणभाऊनं टोपी पुन्हा कानांवर ओढली. मग म्हणाला, "माझ्या हातनं गाडी सुटली त्या दिशी मला कुणी इचारलं बी न्हवतं. येतो."

शनिवारी सकाळी मेटाडोर वस्तीवर उभी राहिली आणि बायांनी पाहिलं, स्टेअरिंगवर दुसराच म्हातारा. लंकाबाई सगळ्यांत थोरली आणि तोंडानं सगळ्यांत तिखट.

"आज नवरदेव बदलला वाटतं गाडीचा," ती म्हणाली. मग तिला मागच्या दारात पाय ठेवणारा राघू दिसला आणि तिचा आवाज बदलला. "राघूभाऊ, तुमी कुठं? फुडं बसा की."

"मागं बसतो आज."

"मागं नका. फुडं जागा हाय पाव्हण्याशेजारी."

"बायांत काय काम तुमचं?" साळुबाईनं मध्येच टाकलं. तिनं घाईघाईनं आत जाऊन मागच्या बाकाच्या पुढ्यात दोन्ही पाय पसरले, जणू तिथं कुणी पाऊलच ठेवू नये.

एवढी वर्षं ज्यांना आणलं-नेलं, त्या बायांना आपण शेजारीही नको. पण रीत म्हणजे रीत. तो न बोलता चढला आणि मागच्या बाकाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. गाडी निघाली.

वस्तीचा चढ लागला तसे पदर नाकाला गेले. लंकाबाईचा, साळुबाईचा, पुढच्या बाकावरच्या बयाबाईचा. आज आरशात नाही, हाताच्या अंतरावर. राघूनं मान खाली घातली. फाट्यावर अजून बाया चढल्या, बसल्या, त्यांनीही पदर वर घेतले. गाडी बोरीकडं वळली. राघूच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. आधी त्याला वाटलं, मनाला लागलं म्हणून आलं. मग घसा खवखवला. डोकं जड झालं. आणि बोरीच्या अलीकडं त्याच्या ध्यानात आलं की गळ्यातलं उपरणं काढून आपणही केव्हाचं नाकाला लावलंय.

त्यानं उपरणं खाली केलं आणि वास घेतला. डिझेलचा धूर. खालून येत होता. साळुबाईच्या पायाखालून.

"पाय काढा," तो म्हणाला.

"राहू द्या हो."

"साळुबाई, पाय काढा."

तिनं पाय काढले. खाली गोणपाट होतं, दुमडून दुमडून जाड केलेलं. राघूनं ते उचललं. खाली पत्रा नव्हताच. रस्ता होता. काळा रस्ता पायाखालून पळत होता, सायलेन्सरच्या कुजक्या नळीतून धूर भकाभका वर येत होता, आणि भोकाच्या कडेला गाडीचा आडवा बीम दिसत होता. भोक पडायच्या आधी, फार वर्षांपूर्वी, राघूनं स्वतःच दोनदा जोडून घेतलेला. तो पुन्हा तडकला होता. प्रत्येक खड्ड्याला तड उघडायची आणि मिटायची.

पुढं स्टेअरिंगवर यातलं काही येत नव्हतं. तिथं उदबत्तीचा वास होता.

"किती दिस झालं ह्याला?" राघूनं विचारलं.

"धुराला व्हय?" लंकाबाई म्हणाली. "तो पहिल्यापासनं हाय. भोक मागनं पडलं."

"आन मला बोलला न्हाई?"

"तुमी बोलता का आमाला? उदबत्ती लावायची आन गप बसायचं. आमी म्हनायचो, साधू हाय बाई, बायांशी बोललं तर ह्याचं सोवळं मोडत आसंल."

मागची एक बाई फिसकन हसली. साळुबाई हसली नाही. ती गोणपाट परत जागेवर ठेवत म्हणाली, "आन बोललो आसतो तर शेठनं गाडी काढली आसती. गाडी गेली की तुमी गेला. दुसरा ड्रायव्हर आत वस्तीवर येतोय का? म्हनून आमचं ठरलं व्हतं, कुनी त्वांड उघडायचं न्हाई."

"कवा ठरलं?"

"आरती लग्न होऊन आली नव्हती तवा."

आरती बयाबाईशेजारी खिडकीशी बसली होती, डोकं बाहेर काढून. आरशात कधीमधी ती राघूला तशीच दिसायची. त्याला वाटायचं, पोरीला वारा आवडतो. आता त्यानं पाहिलं, तिचं तोंड पांढरंफटक होतं आणि एक हात पोटावर होता. दिवस भरत आले होते. बोरीच्या पुलावर गाडी हळू झाली, तसा धूर आत दाटला आणि तिला कोरडी उलटी आली. बयाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. सरावाचा हात. रोजचंच होतं ते.

राघूनं उपरणं घडी करून मांडीवर ठेवलं. मग आयुष्यात बोलला नव्हता असं काहीतरी बोलला.

"मला वाटायचं, तुमी माझ्या वासानं नाक धरता."

बयाबाई मागं वळून बघायला लागली. मग लंकाबाई एवढ्या मोठ्यानं हसली की पुढं गेणभाऊनं मान वळवली.

"अवो, माझ्या घरात म्हशी हायत, शेरडं हायत, आन नवरा हाय," ती म्हणाली. "मला कुनाचा वास येतोय?"

सगळ्या हसल्या. राघूही हसला, डोळे पुसत. धुराचं पाणी होतं की कशाचं, ते कुणी विचारलं नाही. साळुबाईनं डबा उघडला आणि गुळाची पोळी मोडून त्याच्या हातावर ठेवली. संक्रांतीची राहिलेली, कडक झालेली. त्याला सरकून नीट बसायला जागा दिली. बयाबाईनं विचारलं, सुंदरा वैनी कुठवर गेल्या असतील. त्या बाईला सुंदराचं नाव माहीत होतं. त्यांना सगळंच माहीत होतं: तो काय रांधतो, कुणाच्या दुकानातून तेल आणतो, तापात फणफणत होता तेव्हा दारात भाकरी कुणी ठेवली होती. त्याला वाटलं होतं भावकीतल्या कुणी ठेवली.

शेड जवळ आलं तेव्हा लंकाबाई म्हणाली, "शेठनं तुमाला इचारलंय ते आमाला ठावं हाय. सोमवारी सांगा, रिपेर करा. आमी नवी गोनी टाकतो. काय मरत न्हाई कुनी."

"व्हय," साळुबाई म्हणाली. "आता बोलायला लागलात, तर ऱ्हावा की."

राघूच्या तोंडात पोळीचा घास फिरत राहिला.

बाया उतरून गेल्यावर गेणभाऊनं चावी त्याच्या हातात दिली. "फुडनं म्हनशील तर गाडी झकास हाय. ब्रेकला पाय जास्त द्यावा लागतोय, पन वढती." मग थांबून त्यानं रितीप्रमाणं विचारलं, "मागनं काय दिसलं?"

राघू गाडीच्या मागच्या दाराकडं बघत होता. "सगळं," तो म्हणाला.

रविवारी त्यानं गाडी दारात उभी केली आणि हातोडी घेऊन खाली शिरला. पत्रा ठोकून बघितला. जिथं ठोकावं तिथं पापुद्रे सुटत होते. नवा पत्रा मारायचा तर तो ज्याला जोडायचा ते लोखंडही धड नव्हतं. आळेफाट्याचा वेल्डिंगवाला ओळखीचा. त्यानं पट्ट्या मारल्या असत्या, वरून काळा रंग दिला असता, एखादा हंगाम निघाला असता. एखादाच कशाला, नशीब असतं तर दोन.

तो गाडीखाली पाठीवर पडून राहिला. वस्तीवरच्या कुत्र्यांचा आवाज, लांब कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज. त्याचं घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. त्याला पोळीची चव आठवत होती. रोज जाताना आणि येताना, निदान एक हंगाम, मागून कुणीतरी 'राघूभाऊ' अशी हाक मारली असती, आणि त्यानं आरशात बघून उत्तर दिलं असतं. त्यासाठी त्याला फक्त एक शब्द म्हणायचा होता. बाया पण तोच शब्द म्हण म्हणत होत्या. कुणाचीच फसवणूक नव्हती.

फक्त ती तड होती. पाठीवर पडल्यावर बरोबर डोळ्यांपुढं येत होती. आरती जिथं बसते, त्याच्याखाली.

सोमवारी तो ऑफिसात उभाच राहिला.

"काढा," म्हणाला.

गोरखशेठला आश्चर्य वाटलं. "अरं, मिस्त्री तर म्हनतो इंजिन..."

"इंजिन बरं हाय शेठ. बाया इंजिनावर बसत न्हाईत. मागं जाऊन बसा एकदा, मग मिस्त्रीला इचारा."

वृषाली मॅडम म्हणाल्या, "आणि राघूभाऊ, तुमचं काय?"

"माझं कुठं इचारलंय कुणी? गाडीचं इचारलंत. गाडीचं सांगितलं."

शेवटी एवढंच बोलला, "नवी येईपर्यंत ही बी नेत न्हाई मी. त्या बायांना आजपासनं दुसरी काहीतरी सोय करा." आणि चावी टेबलावर ठेवून निघाला.

त्या आठवड्यात बाया टेम्पोत उभ्यानं आल्या. मग ठेकेदाराची नवी गाडी आली. शेडवर नारळ फुटला, गाडीला झेंडूचा हार घातला, पेढे वाटले. जुन्या गाडीला भंगारवाला ओढून घेऊन गेला. राघूला कुणी हार घातला नाही. त्याला बोलावलंच नव्हतं. गोरखशेठ वाईट माणूस होता असं नाही. त्याच्या डोक्यात आलं नाही, इतकंच. ज्यांच्या डोक्यात येत नाही त्यांचा मला जास्त राग येतो.

साळुबाई म्हणाली होती तसंच झालं. नवी गाडी आत वस्तीवर येईना. ड्रायव्हर पोरगेला, कानात वायर घालून बसायचा, फाट्यावर दोनदा हॉर्न मारायचा; आलात तर आलात. बायांना अंधारात वस्तीवरून फाट्यापर्यंत चालायची वेळ आली. लंकाबाई राघूशी बोलेनाशी झाली. एकदा विहिरीवर गाठ पडली तेव्हा एवढंच बोलली, "तुमाला कुनी सांगितलं व्हतं मागं बसायला?"

राघूनं तिची भरलेली घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली.

पावसाळ्याच्या तोंडाला सुंदराच्या भावाचा वाडा वर आला. ह्या वेळी राघूच वाड्यावर गेला. सुंदरा त्याच्याकडं बघून म्हणाली, "लोखंड आटलं व्हय?" बोलण्यात डंख नव्हता. तिनं त्याला दूध दिलं, घोंगडं टाकलं आणि म्हणाली, चल आमच्यासंगं. तो निघाला. पण इतकी वर्षं क्लच दाबलेला गुडघा चढाला उभा राहीना. पहिल्याच मुक्कामाला पाय सुजून भोपळा झाला. तो वाड्याच्या मागं मागं राहायला लागला. सुंदरा पुढून थांबून थांबून मागं बघायची. राघूला ठाऊक होतं, मागं राहणाऱ्याचं काय करायचं असतं. तिच्यावर ते सांगायची वेळ येऊ नये, म्हणून एका सकाळी तोच रस्त्यावर उभा राहिला आणि येणाऱ्या दुधाच्या गाडीत बसून घरी परतला.

तेव्हापासून त्याचा एक नेम झाला. पहाटे बाया वस्तीवरून निघाल्या की बॅटरी घेऊन तो त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत लंगडत चालायचा. बोलणं पहिल्यांदा बयाबाईनं सुरू केलं, मग साळुबाईनं. लंकाबाईनं सगळ्यात शेवटी, तेही शिवी देऊन. आरतीनं बाळ दाखवलं, समर्थ नाव ठेवलेलं, मुठी आवळून झोपलेलं. गाडी यायची, बाया चढायच्या. नव्या गाडीची काच बंद. आत गाणी लागलेली. कंपनीच्या माणसांशिवाय कुणाला घ्यायचं नाही, अशी ठेकेदाराची ताकीद. गाडी निघून जायची आणि राघू बॅटरी विझवून तिथंच उभा राहायचा.

मग लंकाबाईनं काम सोडलं. साळुबाई लेकाकडं भोसरीला गेली. आरतीच्या घरात मोटारसायकल आली. बाकीच्यांनी वस्तीवरूनच जीप ठरवली. फाट्यापर्यंत चालत जायला कुणी उरलं नाही. राघू मात्र जातो. कुठं निघालात, असं विचारलं तर म्हणतो, कुठं न्हाई.

तुम्ही कल्याण-नगर रस्त्यानं जाता. रिकाम्या गाडीत एकटे बसून, मागचा सगळा बाक मोकळा ठेवून जाता, मी बघितलंय तुम्हाला. सकाळी पिंपरी पेंढारच्या फाट्यावर हातात बॅटरी घेतलेला, एका पायावर भार टाकून उभा असलेला माणूस दिसेल. तो हात करणार नाही. तरी थांबा. कुठं जायचंय, हे त्याला विचारू नका, मागचं दार उघडा आणि नुसतं म्हणा, "बसा राघूभाऊ, जागा हाय."